अबाधित

किरुनात नोव्हेंबरचा दिवस उजाडतो
तो जेमतेम हजेरी लावण्यापुरता.
ओईवा रात्रपाळीहून येतो, बूट काढतो,
कॉफीचं भांडं चढवतो
आणि लॅपटॉपचं झाकण उघडतो.
अकरा वर्षांचं यंत्र. एक बटण निखळलेलं,
तिथे त्याने आगकाडीचं टोक बसवलंय.
पण खेळ त्या यंत्रात चालतच नसे.
तो चाले दूर, कुठल्याशा गार गोदामात.
इथे यायचं नुसतं चित्र,
इथून जायचा नुसता अंगठा.

ओईवाला याचं नवल नव्हतं.
त्याचं पोटच या विद्येवर:
तो वर खुर्चीत बसतो, हातात दोन दांड्या,
आणि हजार मीटर खाली, मिट्ट काळोखात,
माणूस नसलेला लोडर
लोखंडाचा दगड उचलतो.

दोनशे चौदा तास त्याने गलबत हाकलं.
मीठ, सुका मासा, डांबराची पिंपं.
एकदा वादळात डोलकाठी मोडली,
तर दोन रात्री पदरच्या पैशांनी
नवी बसवली. पदरचे म्हणजे खेळातलेच,
पण मिळवले होते त्याने.

मंगळवारी पत्र आलं, तीन ओळींचं:
प्रकाशकांच्या विनंतीवरून
हा खेळ यापुढे या सेवेवर चालणार नाही.
आपली खरेदी अबाधित आहे.

अबाधित.
भातात खडा लागावा
तसा तो या शब्दाशी थांबला.
यादीत गलबत होतं तिथेच,
फक्त राखाडी.
दाबलं की काही होत नव्हतं.

मदतकक्षातली तेक्ला, फार सौजन्याची:
"खेळ तुमचाच आहे.
तुमच्या यंत्रावर उतरवून घ्या."
यंत्रावर उतरला असता
तर हा ढगाचा उपद्व्याप कशाला केला असता?
चणे आहेत, दात नाहीत.
दात भाड्याने मिळत होते, महिना शंभर क्रोनर.
तेही चणेवाल्याला बघवले नाहीत.

ओईवा एका बोटाने लिहितो:
पुस्तक मी विकत घेतलं. माझा दिवा मिणमिणता,
म्हणून शेजाऱ्याच्या दिव्याखाली वाचत होतो.
त्याला दिव्याचे पैसे देत होतो.
पुस्तकवाल्याचं काय गेलं?

तीन ठिपके हलत राहतात बराच वेळ.
मग: "आपलं म्हणणं पुढे कळवते."
आणि थोड्या वेळाने, बहुधा नियमात न बसणारं:
"माझंही एक शेत होतं. तेही गेलं."

योतेबोरीहून माईयूचा फोन.
"नवं मशीन घ्या ना बाबा. नाहीतर दुसरा खेळ.
हजारो आहेत."
"बंदरंही हजारो आहेत गं," तो म्हणतो,
"गलबत एकातच आहे."

पाच वर्षांपूर्वी खाणीने गाव खालून पोखरलं
म्हणून गाव पूर्वेला सरकलं.
ओईवाचं घर ट्रेलरवर चढवून नेलं,
तो मागून चालत गेला, खिशात किल्ली.
घर त्याचं, कागद त्याच्या नावाचे.
खालची जमीन खाणीची.
घर नेता येतं. तळघर नेता येत नाही.
तळघरात लिंगनबेरीच्या बाटल्यांचं फडताळ होतं,
आणि भिंतीवर पेन्सिलने, बायकोच्या अक्षरात,
एकोणीस हिवाळ्यांचा सरपणाचा हिशेब.
तोही तेव्हा अबाधितच होता,
वरून माती लोटेपर्यंत.

वीजबिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर
ओईवा लिहून काढतो, आठवेल तसं:

ग्रोहाम्न बंदर, दुसरा धक्का.
वारा वायव्येचा. शिडं गुंडाळलेली.
मीठ साठ पोती.
गोडं पाणी अकरा पिंपं.
सुकाणूचा दोर बदलायला झालाय.
खलाशांचा पगार बाकी.

शेवटची ओळ पुन्हा गिरवतो.
कागद फ्रिजवर लावतो, चुंबकाखाली.
कॉफी केव्हाच गार झालेली.
बाहेर दोन वाजलेत दुपारचे,
आणि अंधार पडतोय.